मोठं इंजिन घेण्याआधी पंख्यावरचे आकडे वाचा. होडीचा वेग नेमका कुठे अडतो?

वरसावे : खाडीत छोटी होडी चालवणारा माणूस भेटला की बोलणं फिरून फिरून एकाच जागी येतं. होडी पळत नाही, पेट्रोल मात्र सपाटून पिते. त्यावर उपायही ठरलेला असतो. पंधराचं मशीन आहे तर पंचवीसचं घ्या, पंचवीसचं असेल तर चाळीसचं. त्यासाठी पतपेढीचं कर्ज काढायचं, बायकोची पाटली मोडायची आणि हंगामाच्या शेवटी हिशोब केला तर वेग दोन-तीन किलोमीटरनं वाढलेला आणि पेट्रोलचा खर्च दीडपट.

यात इंजिन वाईट असतं असं नाही. वेग अडलेला असतो दुसऱ्याच ठिकाणी. पंखा चुकीचा असतो, मशीन खाली-वर बसलेलं असतं, तळाला शेवाळ असतं, मागे वजन जास्त असतं. या चारही गोष्टी नवीन इंजिनापेक्षा फार स्वस्तात सुधारतात. यांत्रिक मासेमारीला 1 जून ते 31 जुलै बंदी असते. होडी वर ओढलेली असताना ही कामं निवांत करता येतात. वरसावे, घोडबंदर, पाणजू, नायगाव या पट्ट्यात ज्यांच्या घरी आऊटबोर्ड मशीन आहे त्यांनी हे वाचून ठेवावं. ज्यांच्याकडे होडी नाही पण गवत कापायचं पेट्रोल मशीन आहे, त्यांच्याही कामाचं यात बरंच आहे.

खेळण्यातली बोट काय शिकवते

रिमोटवर चालणाऱ्या पेट्रोलच्या छोट्या बोटींचे व्हिडिओ पोरं मोबाईलवर बघत असतात. हात दोन हात लांबीची बोट आणि वेग ताशी 80 किलोमीटरच्या पुढे. मोठ्या होडीला जे जमत नाही ते या चिमुकलीला कसं जमतं?

तिचं इंजिन काही वेगळं नसतं. साधारण 26 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, म्हणजे आपल्या गवत कापायच्या मशीनच्याच कुळातलं. फरक बाकीच्या रचनेत आहे. बोट अगदी हलकी, तिचा तळ असा घडवलेला की वेग आला की ती पाण्यातून वर उचलली जाते आणि पाण्याला जेमतेम टेकून धावते. पंख्याचा अर्धाच भाग पाण्यात असतो. हे छंद करणारे लोक पंखा बदलून बघतात, त्याची उंची एखाद-दोन मिलिमीटरनं खाली-वर करतात, वजन पुढे-मागे सरकवतात आणि प्रत्येक वेळी वेग मोजतात. इंजिनाला हात सगळ्यात शेवटी लावतात. हाच क्रम आपल्या होडीलाही लागू आहे.

गंमत अशी की बोटीचा पंखा जगात रुजवण्यात एका शेतकऱ्याचा मोठा हात आहे आणि त्यानंही सुरुवात खेळण्यातल्या बोटीनंच केली. इंग्लंडमधला फ्रान्सिस पेटिट स्मिथ मेंढ्या पाळायचा, शेती करायचा. 1835 साली त्यानं स्प्रिंगवर चालणारी एक छोटी बोट केली, तिला मागे लाकडी स्क्रू बसवला आणि शेतातल्या तळ्यात सोडली. 1836 मध्ये पेटंट घेतलं. मग खरी, इंजिनाची बोट करून तो कालव्यात चाचण्या घेऊ लागला. तिचा लाकडी स्क्रू दोन वेढ्यांचा होता. 1837 मध्ये एका चाचणीत तो कशावर तरी आपटला आणि त्याचा अर्धा भाग तुटून गेला. बोट थांबायला हवी होती, ती उलट जास्त जोरात पळायला लागली. इंजिन तेच, पाणी तेच. पंख्याचा आकार बदलल्याबरोबर वेग बदलला. पुढे 1845 मध्ये इंग्रजांच्या आरमारानं पंख्याचं जहाज आणि बाजूला चाकं असलेलं जहाज पाठीला पाठ लावून बांधलं आणि ओढाताण लावली. पंख्याच्या जहाजानं चाकाच्या जहाजाला उलटं ओढत नेलं.

पाण्यात एक चढ असतो, तो समजून घ्या

होडी पाणी बाजूला सारत चालते तेव्हा पुढे एक लाट उठते आणि मागे एक. वेग वाढला की ही लाट लांब होत जाते. एका वेगाला ती होडीइतकीच लांब होते. त्यावेळी होडी आपणच उठवलेल्या लाटेच्या खळग्यात बसलेली असते. नाळ वर, मागची बाजू खाली. इथून पुढे वेग वाढवायचा म्हणजे होडीला चढ चढवायचा. कितीही मूठ पिळा, इंजिन ओरडतं आणि होडी तेवढीच चालते.

हा वेग काढायचं सोपं गणित आहे. होडीची पाण्याला टेकलेली लांबी फुटात घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि 1.34 ने गुणा. उत्तर नॉटमध्ये येतं. एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर. 16 फुटी होडी असेल तर 16 चं वर्गमूळ 4, गुणिले 1.34 म्हणजे 5.36 नॉट, ताशी साधारण 10 किलोमीटर. 25 फुटी होडीला 6.7 नॉट, म्हणजे ताशी साधारण साडेबारा किलोमीटर.

जड, गोल तळाची, माल भरलेली लाकडी होडी या आकड्याच्या फार पुढे जात नाही. अरुंद, हलकी होडी थोडी पुढे सरकते. सपाट तळाची हलकी फायबरची होडी मात्र पुरेशी ताकद मिळाली की हा चढ ओलांडून पाण्यावर चढते आणि मग एकदम सुटते. म्हणून पहिला प्रश्न इंजिनाचा नाही, तुमची होडी कुठल्या जातीची आहे हा आहे. जड होडीला मोठं इंजिन लावणं म्हणजे बैलगाडीला ट्रकचं इंजिन लावण्यासारखं आहे.

अशा जड होडीसाठी उलटं गणित फायद्याचं ठरतं. लागणारी ताकद ढोबळमानानं वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. म्हणजे वेग दहा टक्के कमी केला तर लागणारी ताकद सुमारे 27 टक्क्यांनी कमी होते. सहा किलोमीटरचं अंतर ताशी 12 च्या वेगानं अर्ध्या तासात होतं, 10.8 च्या वेगानं साधारण 33 मिनिटांत. तीन-साडेतीन मिनिटं जास्त लागली, पण त्या फेरीचं जवळजवळ पाचव्या हिश्शाचं पेट्रोल वाचलं. महिन्याच्या फेऱ्या धरून हा हिशोब ज्याचा त्यानं घरी करून बघावा.

आधी मोजा, मग पाना हातात घ्या

"पहिल्यापेक्षा बरी पळते" हे माप नाही. मोबाईलमध्ये जीपीएसवर वेग दाखवणारं कुठलंही साधं अॅप चालेल. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा, दोरी लावून गळ्यात घाला.

पण खाडीत एक घोळ आहे. जीपीएस जमिनीच्या हिशोबानं वेग सांगतो. वरसाव्याच्या पुलाखालून ओहोटीचं पाणी जोरात निघालं असेल तर त्याचा वेगही त्यात मिसळतो. म्हणून एकाच पट्ट्यात एकदा जाताना आणि लगेच उलटं येताना, दोन्ही वेळा वेग लिहा. समजा पाण्याबरोबर ताशी 16 दिसला आणि पाण्याविरुद्ध 10. दोन्हींची बेरीज 26, निम्मे 13. होडीचा पाण्यातला खरा वेग 13 आणि प्रवाहाचा 3. हे केलं नाही तर ओहोटीनं दिलेला वेग तुम्ही नवीन पंख्याच्या नावावर टाकाल.

दुसरं माप आरपीएमचं. प्लगच्या वायरीला गुंडाळायचं छोटं आरपीएम मीटर बाजारात मिळतं. तेच गवत कापायच्या मशीनलाही चालतं. पूर्ण मूठ पिळल्यावर तुमचं इंजिन किती आरपीएमला गेलं पाहिजे हे त्याच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पुस्तिका हरवली असेल तर मॉडेल नंबर सांगून मेकॅनिककडून आकडा घ्या. पुढचं सगळं या आकड्यावर अवलंबून आहे.

पंख्यावर लिहिलेले आकडे

पंख्याच्या मधल्या भागावर बहुतेक वेळा आकडे कोरलेले असतात. उदाहरणार्थ 11 आणि 12. पहिला आकडा पंख्याच्या घेराचा व्यास, इंचात. दुसरा आकडा पीच, तोही इंचात. पीच म्हणजे पंखा एक फेरा फिरला तर किती पुढे सरकेल. लाकडात स्क्रू एका फेऱ्यात जितका आत जातो, तसंच.

गणित करून बघू. इंजिन 5,000 आरपीएमला फिरतंय आणि खालच्या गियरमध्ये फेरे निम्मे होतात असं धरा. पंखा मिनिटाला 2,500 फेरे फिरला. पीच 12 इंच म्हणजे साधारण 30.5 सेंटिमीटर. मिनिटाला साधारण 762 मीटर, म्हणजे ताशी 45 ते 46 किलोमीटर. हा कागदावरचा वेग. पाणी लाकडासारखं घट्ट नसतं, पंखा थोडा घसरतो. हलक्या होडीचा खरा वेग 34 आला तर घसरण साधारण 25 टक्के झाली. थोडा माल असलेल्या होडीला हे चालण्यासारखं आहे. तीच घसरण 40-50 टक्क्यांवर गेली तर कुठेतरी गडबड आहे हे नक्की. पाण्यावर न चढणाऱ्या जड होडीची घसरण मुळातच जास्त असते, तिथे आरपीएमचा आकडाच जास्त खरा मानावा.

आता मुख्य मुद्दा. पुस्तिकेत 4,500 ते 5,500 आरपीएम लिहिलंय आणि तुमचं इंजिन पूर्ण मूठ पिळूनही 4,000 च्या वर जात नाही. याचा अर्थ बहुतेक वेळा पीच जास्त आहे. भरलेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर चढावर टॉप गियरमध्ये घातला तर तो जसा धापा टाकतो, तसंच इंजिन धापा टाकतंय. वेग मिळत नाही, पेट्रोल जळतं, आत कार्बन साठतो, पिस्टन तापतो. इथे कमी पीचचा पंखा लावला की इंजिन मोकळं होतं आणि होडी जास्त पळते. ढोबळ हिशोब असा की पीच एक इंचानं कमी केला की आरपीएम साधारण 150 ते 200 नं वाढतो. 600 आरपीएम कमी पडत असेल तर तीन-चार इंच कमी पीचचा पंखा बघावा.

उलटंही होतं. इंजिन पुस्तिकेतल्या आकड्याच्या वर पळतंय, आवाज किंचाळल्यासारखा येतोय आणि होडी तेवढी जात नाही. तिथे पीच वाढवायला जागा आहे. इंजिन मर्यादेच्या वर पळवणं म्हणजे त्याचं आयुष्य जाळणं.

रोजच्या वजनानिशी मोजा हे मात्र विसरू नका. रिकाम्या होडीत मापलेला पंखा जाळी, बर्फ आणि चार माणसं चढल्यावर जड पडतो. ज्यांची होडी कधी रिकामी, कधी भरलेली जाते त्यांनी भरलेल्या होडीचा पंखा धरून चालावं.

पंख्याची तब्येत

पंख्याच्या कडेला नखाएवढा तुकडा उडाला, एक पातं किंचित वाकलं तरी वेग पडतो आणि थरथर सुरू होते. ती थरथर बेअरिंग आणि सील खाते. छोटी खोड असेल तर बारीक कानशीनं कड सारखी करता येते. पण तिन्ही पाती सारखी राहिली पाहिजेत. एकच घासून बारीक केलं तर तोल जातो. पातं वाकलं असेल तर घरी हातोडीनं ठोकू नका. अॅल्युमिनियम तडकतं. माहीतगाराकडे द्या.

पंखा काढलात की मागच्या शाफ्टवर बघा. जाळ्याचा नायलॉन धागा तिथे गुंडाळून बसतो आणि सील कापतो. सीलमधून पाणी गियरच्या तेलात जातं. खालचा स्क्रू सैल करून थोडं तेल काढून बघा. तेल दुधाळ, चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. तसंच चालवलं तर गियर जातील आणि मग खर्च पंख्याचा राहणार नाही. बंदीच्या काळात हे एक काम केलं तरी पुष्कळ.

मशीनची उंची आणि कल

पंख्याच्या थोडं वर मशीनला एक आडवी सपाट पट्टी असते. बहुतेकांना ती पाय ठेवायला दिलीय असं वाटतं. तिचं काम वरची हवा पंख्यात शिरू न देणं हे आहे. ही पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा त्याच्या थोडी वर, साधारण इंचभरापर्यंत, असावी. मशीन त्यापेक्षा खाली बसलं असेल तर त्याचा पाय उगाच पाणी फाडत चालतो आणि वेग खातो. फार वर असेल तर वळताना पंखा हवा ओढतो, इंजिन एकदम किंचाळतं आणि होडी ढकलली जात नाही.

सरळ फळी किंवा दोरी तळाला लावून रेषा काढा आणि पट्टी कुठे येते बघा. मशीनखाली लाकडाची पट्टी घालून अर्धा-अर्धा इंच उचलून चाचणी घ्या. उचलल्यावर मशीनमधून थंड करणाऱ्या पाण्याची धार नीट येते का ते प्रत्येक वेळी बघा. धार बारीक झाली तर परत खाली घ्या. धारेविना पाच मिनिटं चाललेलं इंजिन पुढे दुरुस्तीलाच जातं.

कलासाठी मशीनच्या मागे भोकं आणि एक पिन असते. होडीची नाळ आभाळाकडे जात असेल तर पिन एक भोक आत घ्या, म्हणजे पंखा होडीकडे येईल आणि नाळ खाली बसेल. नाळ पाण्यात घुसत असेल, पुढून पाणी उडत असेल तर पिन एक भोक बाहेर. एका भोकानंही फरक कळतो. यात खर्च शून्य.

वजन आणि तळ

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. होडीच्या तळात 40 लिटर पाणी साठलेलं असेल तर एक भरलेली गोण उगाच फिरवताय. ते पाणी होडीबरोबर मागे-पुढे सरकतं, त्यामुळे तोलही जातो. निघण्याआधी उपसा.

पेट्रोलचा डबा, बॅटरी, नांगर, बर्फाची पेटी आणि वर चालवणारा, सगळं मागेच असतं. त्यामुळे मागची बाजू बसते. जे सरकवता येतं ते मधोमध किंवा थोडं पुढे घ्या आणि बांधून ठेवा. फक्त फार पुढे नेऊ नका. लाटेत नाळ खाली जाणं धोक्याचं आहे.

तळाचं म्हणाल तर खाडीच्या पाण्यात होडी उभी राहिली की थोड्याच दिवसांत शेवाळ धरतं आणि मग खरखरीत शिंपल्यासारखे जीव चिकटतात. हात फिरवला तर कळतं. हाताला जे खरखरीत लागतं ते पाण्यालाही लागतं. पंख्यावर चिकटलेले असतील तर फरक आणखी मोठा. लाकडी उलथन्यानं खरवडा. फायबरवर लोखंडी पात्यानं जोर लावू नका. फायबरला चरे गेले की आत पाणी शिरतं आणि होडी हळूहळू जड होत जाते. खरवडलेलं आणि रंगाचं पाणी खाडीत किंवा तिवरांत सोडू नका. तो रंग जीव मारण्यासाठीच केलेला असतो आणि आपली कोळंबी, निवटी त्याच चिखलात वाढतात.

इंजिन सगळ्यात शेवटी

आता इंजिनाकडे या. टू-स्ट्रोक मशीनमध्ये वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. पुस्तिकेत 50 ला 1 लिहिलं असेल तर 10 लिटर पेट्रोलला 200 मिली ऑइल. अंदाजानं झाकण ओतू नका, माप ठेवा. पाण्यानं थंड होणाऱ्या आऊटबोर्डसाठी टीसी-डब्ल्यू3 प्रतीचं ऑइल येतं. मोटारसायकलचं किंवा गवत कापायच्या मशीनचं ऑइल हवेनं थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी असतं. अदलाबदल करू नये, दोन्हीकडूनही.

काही जण कार्बोरेटरचा स्क्रू आवळून पेट्रोल कमी करतात. खेळण्यातल्या बोटी पळवणारेही हा मोह करतात. पेट्रोल कमी, हवा जास्त झाली की इंजिन हलकं झाल्यासारखं वाटतं, आवाज तीक्ष्ण होतो, वेग थोडा वाढतोही. पण टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, आणि आत येणारं गार पेट्रोल जी उष्णता ओढून घेतं तीही कमी. पिस्टन फुगतो आणि सिलिंडरला घासून जाम होतो. भर खाडीत, ओहोटीच्या धारेला, पुलाच्या खांबाजवळ इंजिन जाम झालं तर काय होईल हे खाडीवरच्या माणसाला सांगायला नको.

यावर प्लगचा रंग बघणं हा जुना आणि खरा उपाय. पूर्ण मूठ पिळून दोन-तीन मिनिटं चालवा, चालत्या वेगातच इंजिन बंद करा, थोडं थांबा आणि प्लग काढून बघा. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर ठीक. पांढराफटक असेल तर इंजिन तापतंय, लगेच पेट्रोल वाढवा. काळा, ओला असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त होतंय. फवारणीचा पेट्रोल पंप, गवताचं मशीन, झाडं कापायची करवत, सगळ्यांना हीच परीक्षा लागू.

आणखी एक गोष्ट अलीकडची आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत एथेनॉल असतं. एथेनॉल हवेतली ओल ओढतं. खाडीकाठची दमट हवा, अर्धा रिकामा डबा आणि दोन महिन्यांची बंदी एकत्र आली की पाणी खाली बसतं. पहिल्याच दिवशी इंजिन फटफटतं. बंदीच्या आधी डबा रिकामा करा, कार्बोरेटरमधलं पेट्रोल जाळून संपवा. नंतर ताजं पेट्रोल घ्या आणि फिल्टर बघा. जुन्या रबरी नळ्याही तपासा, त्या मऊ पडून आतून सोलतात.

खाऱ्या पाण्यातून आलं की मशीन गोड्या पाण्यावर पाच-दहा मिनिटं चालवणं हेही वेगाचंच काम आहे. आत मीठ साठलं की पाण्याची वाट अरुंद होते, इंजिन तापतं आणि तापलेलं इंजिन ताकद देत नाही.

फुकटचा वेग भरतीचा

वर प्रवाहाचा वेग 3 धरला होता. 12 नं चालणारी होडी पाण्याबरोबर 15 नं जाते आणि विरुद्ध 9 नं. सहा किलोमीटरला पाण्याबरोबर 24 मिनिटं आणि विरुद्ध 40. सोळा मिनिटांचा हा फरक भरून काढेल असा पंखा कुणी विकत नाही.

आपल्याकडच्या जुन्या माणसांना घड्याळाची गरज नव्हती. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची साधारण वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. हा अंदाज समुद्राकाठचा आहे. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते. आपल्या बंदरावर चार दिवस बघितलं की किती उशीर ते कळतं. उधाणाला धार जोराची, भांगाला मंद. पेट्रोल ओतण्याआधी पंचांग बघितलं तर पंचांग जास्त देतं.

चाचणी कुठे आणि कशी घ्यावी

18 डिसेंबर 2024 ला मुंबई बंदरात नौदलाची वेगवान बोट इंजिनाची चाचणी घेताना ताबा सुटून नीलकमल या प्रवासी बोटीवर आदळली. तेराहून जास्त माणसं गेली. ती माणसं तर शिकलेली, सरावलेली होती. आपण आपल्या मशीनची परीक्षा घेताना हे डोक्यात ठेवलं पाहिजे.

आपली खाडी आता पूर्वीसारखी मोकळी नाही. वरसाव्याला जुन्या पुलाशेजारी मार्च 2023 मध्ये नवा पूल खुला झाला. फेब्रुवारी 2024 पासून वसई-भाईंदर रो-रो बोट सुरू झाली. पुढे रेल्वेचे पूल आहेत. खांबांजवळ पाणी गुंडाळतं, तिथे पूर्ण वेग देऊन बघू नये. रो-रोच्या वाटेत, जाळी टाकलेल्या जागी, तिवरांच्या कडेला नाही. भरती थांबून ओहोटी लागण्याआधी पाणी काही वेळ स्थिर असतं, तीच वेळ धरा. होडीत दोघं असावेत, एक चालवायला आणि एक समोर बघायला. लाइफ जॅकेट अंगात, फळीखाली नाही. मशीनला लाल दोरीची क्लिप असेल तर ती मनगटाला लावा. चालवणारा पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद होतं. ती नसेल तर चालवणारा पाण्यात आणि रिकामी होडी गोल फिरून त्याच्याच अंगावर, असं होऊ शकतं.

पोरांच्या रिमोटच्या पेट्रोल बोटीलाही हेच लागू. तिचा छोटा पंखा बोट कापतो. ती खाडीत नको. पोहणारं कुणी नसलेलं, जनावरं पाण्यावर येत नसलेलं बंद तळं बघा आणि आधी ग्रामस्थांना विचारा.

एका वेळी एकच बदल करा. पंखाही बदलला, उंचीही बदलली आणि वजनही हलवलं तर कशानं काय झालं ते कळत नाही. वहीत तारीख, तिथी, माणसं किती, पंखा कुठला, पिन कितव्या भोकात, आरपीएम आणि जाता-येतानाचे दोन्ही वेग लिहा. दहा ओळी झाल्या की तुमच्या होडीबद्दल कुठल्याही दुकानदारापेक्षा तुम्हाला जास्त माहिती असेल.

क्रम असा ठेवा. पहिल्यांदा पाणी उपसा, तळ खरवडा, वजन सारखं करा. मग पिन आणि उंची. मग पंख्याची दुरुस्ती आणि गरज वाटली तर दुसऱ्या पीचचा पंखा, तोही शक्य असेल तर आधी शेजाऱ्याचा उसना घेऊन बघा. मग प्लग, फिल्टर, ऑइल. एवढं करूनही पुस्तिकेतला आरपीएम येत असेल, होडी पाण्यावर चढणाऱ्या जातीची असेल आणि तरी ताकद कमी पडत असेल, तर मोठ्या इंजिनाचा विचार करायला हरकत नाही. त्या वेळी होडीची मागची फळी किती वजन आणि किती जोर सोसेल हे बांधणाऱ्या मिस्त्रीला विचारा. नोंदणीच्या कागदावर इंजिनाचा तपशील असतो, तो मत्स्यव्यवसाय विभागाकडून बदलून घ्या. कागदावर एक आणि होडीला दुसरं इंजिन असेल तर अपघातानंतर विम्याच्या वेळी अडचण येऊ शकते.